खोडलेलं वाचणारे सर

सरांचा फोन आला की माझी एक तरी पोळी करपायचीच. सकाळची घाई, तव्यावर पोळी, नवऱ्याचा डबा अर्धा भरलेला, आणि फोनमधून पाण्याच्या पंपाच्या धडधडाटावर आवाज चढवून सर विचारत असायचे, "मॅडम, त्या उंच पोराने काल काय खोडलं, बघितलंत का?"

"सर, मी पोळ्या करतेय."

"करा की. हात गुंतलेत, कान मोकळेच आहेत. ऐका."

आणि वसईजवळच्या होळी गावातल्या आपल्या केळीच्या वाडीत, बहुधा घोटाभर चिखलात उभे राहून, ते मला बोळिंजच्या फ्लॅटमध्ये एक इंग्रजी वाक्य वाचून दाखवायचे. ते वाक्य कुणा विद्यार्थ्याने आदल्या दिवशी लिहिलेलं असायचं आणि लगेच पुसून टाकलेलं असायचं. पुसलं ते बरंच केलं, असं मला वाटायचं. सरांना वाटायचं, पोराने अख्ख्या निबंधात लिहिण्यासारखं तेवढंच एक लिहिलं होतं.

आम्ही दोघं वसईच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. सर विभागात सगळ्यांत जुने, निवृत्तीला टेकलेले. मी नवी. आमची बहुतेक मुलं मराठी माध्यमातून आलेली, इंग्रजीत काही विचारलं की बाकाकडे बघणारी. संस्थेने कॉम्प्युटरची नवी लॅब दिली, सोबत लेखन सुधारण्याचं सॉफ्टवेअर दिलं, आणि "तुम्ही तरुण आहात" एवढ्या एकाच कारणावरून ते सगळं माझ्या गळ्यात आलं. मला मात्र मनापासून आनंद झाला होता. स्पेलिंग चुकलं की लाल रेघ, व्याकरण चुकलं की निळी, बाजूला कारण आणि सुधारलेलं वाक्य. वह्यांची ओझी घरी वाहून नेणाऱ्या मास्तरणीला आणखी काय हवं? भीती एकच होती की जुने मास्तर करतात तसा सर कॉम्प्युटरला विरोध करतील.

त्यांनी विरोध केला असता तर फार बरं झालं असतं. ते लॅबच्या प्रेमात पडले.

वाडीला पाणी देऊन ते थेट लॅबमध्ये यायचे. पायांत रबरी चपला. बूट स्टाफरूमच्या कपाटात असायचे, ते फक्त प्राचार्यांनी बोलावलं तर चढवायचे. माझ्या टेबलावर एखादं केळफूल नाहीतर अळूची जुडी आदळायची, आणि मग खिशातलं पेन काढून त्याच्या टोपणाने एकेक अक्षर दाबत बसायचे. बोटांना माती असते म्हणून. कीबोर्डची एवढी काळजी, माझ्या टेबलावरच्या चिखलाची नाही.

मुलं लिहायची ती ऑनलाइन पानं आम्हा शिक्षकांनाही उघडता यायची, आणि त्यात एक सोय होती. पान पहिल्या अक्षरापासून कसं लिहिलं गेलं, मध्ये काय घातलं, काय काढलं, ते सगळं मागे जाऊन बघता यायचं. मी ती सोय सरांना एकदा दाखवली, तीही जाता जाता. त्या दिवसापासून त्यांनी मुलांचा पूर्ण झालेला निबंध वाचणं बंद केलं. ते फक्त खोडलेलं वाचायचे.

"इतकी वर्षं मी पोरांचा दिवाणखानाच बघत आलो," ते म्हणाले. "पाहुणा येणार म्हणून आवरलेला. आता स्वयंपाकघरात शिरता येतं."

एका मुलाने वडिलांवर लिहिताना टाइप केलं होतं, 'माय फादर इज अँग्री मॅन बट ही कट मँगो फॉर अस व्हेरी थिन.' खाली रेघा उमटल्या असतील, किंवा त्याची त्यालाच लाज वाटली असेल. त्याने ते काढलं आणि लिहिलं, 'माय फादर इज हार्डवर्किंग अँड ऑनेस्ट.' माझ्या दृष्टीने ही प्रगती होती. एकही रेघ नाही. सरांनी जुनं वाक्य मागून उचलून पुन्हा जागेवर आणून बसवलं आणि शेजारी मराठीत शेरा टाकला, 'रागीट माणूस आंबा एवढा पातळ का कापतो? लिही.'

त्याने लिहिलं. पानभर लिहिलं. आंबा एक, खाणारी तोंडं पुष्कळ, वडील कोय कुणालाही देत नाहीत, स्वतःच चोखतात आणि वर ओरडतात, वगैरे. मी ते तपासायला घेतलं तर सॉफ्टवेअरने अख्खं पान रंगवून ठेवलेलं.

"सर, बोर्डाच्या पेपरात याला भोपळा मिळेल."

"आणि आंब्याला किती द्याल?"

अभ्यासक्रमात आंबा नव्हता. अभ्यासक्रमात अर्ज होते, जाहिराती होत्या, रिपोर्ट होते, आणि ते सगळं शिकवायचं राहून चाललं होतं.

'हार्डवर्किंग' या शब्दावर सरांचा खास राग. "वसईपासून विरारपर्यंत सगळ्यांचे बाप हार्डवर्किंग. एकाचाही बाप दुपारी झोपत नाही?" असं ते भर वर्गात विचारायचे. 'ब्यूटिफुल'वर बंदी, 'व्हेरी'वर बंदी. मग मुलं माझ्या तासाला हळूच विचारायची, "मॅडम, तुमच्याकडे ब्यूटिफुल चालतं ना?"

अर्ज शिकवा, असं मी फारच मागे लागले तेव्हा त्यांनी अर्ज शिकवला. रजेचा. बोर्डाच्या पुस्तकातला मुलगा जन्मभर तापाने आजारी असतो. सरांनी मुलांना सांगितलं की मागच्या वेळी खरंच का आला नाहीत ते लिहा, आणि कहर म्हणजे तो अर्ज खरोखर प्राचार्यांना ईमेल करा. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. सरांना नाही, मला. लॅब माझ्याकडे ना.

"हे काय आहे?" त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'रिस्पेक्टेड सर, आय वॉज नॉट सिक. माय मामा केम फ्रॉम डहाणू विथ ताडगोळे अँड आय डिड नॉट फील टू कम.' खाली असे आणखी बरेच.

मी तणतणत सरांकडे गेले. त्यांनी ते वाचलं, डोळे मिटून "ताडगोळे!" म्हणाले आणि मला सांगितलं, "मंजूर करायला सांगा."

संस्थेची माणसं लॅब बघायला आली तो दिवस तर मी विसरूच शकत नाही. मी आठवडाभर तयारी केली होती. एका विद्यार्थिनीने मोठ्या पडद्यावर मुद्दाम चुकीचं वाक्य लिहायचं, रेघ उमटायची, पाहुण्यांनी माना डोलवायच्या. तिने वाक्य लिहिलं. रेघ नाही. आणखी चुकीचं लिहिलं. पडदा स्वच्छ.

"चालत नाही का?" एका पाहुण्यांनी विचारलं.

"चालतं की," सर मागच्या बाकावरून म्हणाले. "म्हणून तर बंद केलं."

आदल्या संध्याकाळी एकेका कॉम्प्युटरपुढे बसून, त्या पेनच्या टोपणाने, त्यांनी सगळ्या रेघा बंद केल्या होत्या. वर उठून पाहुण्यांनाच विचारलं, "तुम्ही बोलत असताना दर शब्दाला कोणी थोबाडीत दिली, तर पुढे बोलाल?" पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मग चहा आला आणि पाहणी तिथेच संपली.

त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाय, तुझं बरोबर आहे." मला 'मॅडम' सोडून 'बाय' म्हटलं की समजायचं, हे गृहस्थ आता काहीही ऐकणार नाहीत. दुसऱ्या दिवशी रेघा बंदच.

शेवटी आम्ही वाटणी केली. आधी त्यांचा तास, रेघा बंद. मग माझा, रेघा चालू. आधी मुलांनी हवं ते लिहायचं, मग मी त्यातला केर काढायचा. ही वाटणी चांगली चालली. जी मुलं चार ओळींत थकायची ती आता थांबवली तरी थांबत नव्हती, आणि स्वतःचं वाक्य असलं की त्यातली चूकही त्यांना समजून घ्यावीशी वाटायची. हे मी सरांना कधीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर बसले असते.

जूचंद्र गावची एक मुलगी सरांची लाडकी होती. वडील रिक्षा चालवायचे, आई मिठागरावर कामाला जायची. मुलगी वर्गात तोंड उघडायची नाही. तिने एकदा 'माय मदर गोज टू सॉल्ट' असं लिहून खोडलं होतं, आणि ते वाक्य सरांनी स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकवलं की अकाउंट्सच्या मॅडम पर्स घेऊन उठून जायच्या.

वर्षाच्या शेवटी प्रोजेक्टला निबंध होता, 'मला आदर वाटणारी व्यक्ती'. त्याचे गुण निकालात धरले जाणार होते. या मुलीचा निबंध आला. पहिलंच वाक्य, 'माय मदर इज अ बीकन ऑफ अनवेव्हरिंग रेझिलियन्स.' मी तिथेच थांबले. हल्ली मोबाईलवरच्या एआयकडे निबंध मागितला की ते असाच देतं. त्यातली आई कुणाचीही चालते. प्राचार्यांचा नियम कडक होता. असं सापडलं तर प्रोजेक्ट रद्द आणि पालकांना बोलावणं.

मी सरांना सांगितलं. सर खवळले.

"ती असं करणार नाही."

"सर, 'अनवेव्हरिंग' तिला कुठून येणार?"

"शिकली असेल. आपण शिकवतो कशाला मग?"

आणि बूट न घालताच ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये घुसले. "मोठ्या पडद्यावर लावू. तिने कसं लिहिलं ते तुम्हीच बघा. चोरलेलं निघालं तर मी पुन्हा वर्गात पाऊल टाकणार नाही."

"सर, आधी आपण दोघं बघून घेऊ या," मी मागून म्हटलं.

"त्यात काय बघायचंय?"

लॅबमध्ये प्राचार्य, मी, सर आणि ती मुलगी. सरांनी टोपणाने बटण दाबलं. पडद्यावर कोरं पान. पुन्हा दाबलं. पूर्ण निबंध. मधे काही नाही. एकही शब्द अडखळलेला नाही, एकही अक्षर मागे घेतलेलं नाही. ते मागे गेले, पुढे आले. कोरं पान, पूर्ण निबंध. चष्मा काढून शर्टाला पुसला, लावला, पुन्हा दाबलं.

"काहीच खोडलं नाही," ते म्हणाले. घरातलं कुणी न सांगता निघून गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"का केलंस?" मी मुलीला विचारलं.

"मी लिवलेला मॅडम आधी. घरी, मोबाईलवर, दुसऱ्या पानावर. सगला लाल झाला. मग पुसून टाकला." मग सरांना म्हणाली, "बाबांना नका बोलवू, सर. ते मना काढतील कॉलेजातना."

प्राचार्यांनी सोमवारी पालकांना घेऊन यायला सांगितलं.

सरांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून ते वर्गात गेले नाहीत. परीक्षा तोंडावर, आणि त्यांचे सगळे तास माझ्या डोक्यावर. ते स्टाफरूमच्या खिडकीशी बसून राहायचे.

"सर, शब्द तुम्ही दिलात, शिक्षा मला का?"

"दिला तो दिला, मॅडम."

एवढं मात्र त्यांनी केलं, प्राचार्यांकडे जाऊन म्हणाले, "पालकांना कळवायचंच आहे ना? मी घरी जाऊन कळवतो. मुलीने नवा निबंध दिला तर घ्या, नाहीतर नका घेऊ." प्राचार्य हो म्हणाले. मग सर माझ्याकडे वळले. "तुम्हीही चला. सोबत बाईमाणूस असलेलं बरं." मी साफ नाही म्हटलं. रविवारी चर्चमधली सकाळची मिस्सा संपवून ते माझ्या बिल्डिंगखाली स्कूटर घेऊन आले आणि इंटरकॉमवरून वॉचमन काकुळतीला येईपर्यंत हॉर्न वाजवत राहिले. मी खाली गेले ती त्यांना झापायला. परत वर गेले नाही.

स्कूटर इतकी हळू, की सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते.

"सर, काय सांगणार आहात?"

"जे झालं ते."

"जरा सौम्य शब्दांत सांगा."

"हं," ते म्हणाले.

मुलीचे वडील दारात रिक्षा धूत होते. त्यांनी लगबगीने खुर्च्या आणल्या. सर टेकलेसुद्धा नाहीत. "तुमच्या मुलीने चोरी केली," उभ्या उभ्याच म्हणाले. मी डोळे मिटून घेतले.

"चोरी? काय घेतला हिनं?"

"निबंध. मोबाईलकडून लिहून घेतला आणि स्वतःचा म्हणून दिला. मी न बघता तिची बाजू घेतली. तेव्हा चूक दोघांची."

वडिलांच्या हातातल्या फडक्यातून पाणी गळत होतं. "मंग बस झाला कॉलेज," ते म्हणाले. "नायगावला कंपनीत पॅकिंगचा काम हाय. जाईल उद्यापासना."

मुलगी दाराआड होती, तिची फक्त पावलं दिसत होती. आई चुलीपाशी उभी. "अहो, एवढ्यावरून..." मी सुरुवात केली, तर सरांनी हात वर करून मलाच थांबवलं. खिशातून मोबाईल काढला.

"काढायचं तर काढा. पण आधी निबंध ऐका. तुमच्यावरच आहे," ते आईला म्हणाले आणि एकेक वाक्य मराठीत करून वाचायला लागले. "माझी आई म्हणजे अढळ चिकाटीचा दीपस्तंभ. तिच्या प्रेमाच्या प्रकाशात माझ्या स्वप्नांना पंख फुटतात. आयुष्याच्या वादळात ती कधीही डगमगत नाही."

आईने नीट ऐकून घेतलं. पदराला हात पुसत विचारलं, "ही कोन?"

"तुम्ही."

"मी?" तिने दाराकडे बघितलं. "मग मिठाचा काय नाय त्याच्यान?"

वडिलांना हसू फुटलं. ते त्यांनी दाबायचा प्रयत्न केला, पण "पंख फुटलेत म्हने" असं म्हणत ते खुर्चीवर बसलेच.

"आन डगमगत कशी नाय?" आईला आता राग आला होता. "पाटी डोक्यावर घेतली का रोज डगमगते. बांधावर कसला निसरडा असते, म्हाईत हाय?"

"ऐकलंस?" सर खुर्चीवर टेकत दाराकडे बघून म्हणाले. "लिही."

मुलगी बाहेर आली. उंबऱ्यावर बसली आणि मोबाईलवर अंगठ्याने लिहायला लागली. मग तिने वर न बघताच विचारलं, "आई, तू तिथं गाते ना?"

"गाते कुठं? शिव्या घालते."

"कोनाला?"

"मिठाला. उन्हाला. मुकादमाला."

"मना पन," वडील म्हणाले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. सोमवारी वडील कॉलेजात आले नाहीत. सर घरी येऊन गेले तेवढं पुरे, असं त्यांनी मुलीबरोबर कळवलं. प्राचार्यांनी नवा निबंध घेतला, पण गुण निम्मेच धरले. मुलगी बेताचीच पास झाली. आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सर शेवटपर्यंत वर्गात गेले नाहीत. त्यांचा निरोपसमारंभ आम्ही एका वर्गात ठेवला, तर ते दारातच उभे राहिले, आत यायला तयार नाहीत. शेवटी प्राचार्यांना व्हरांड्यात येऊन शाल घालावी लागली आणि भाषणं आम्ही खिडकीतून केली. रेघा मी अजूनही चालू ठेवते. सुरुवातीचा, त्यांच्या नावाचा अर्धा तास सोडून.

त्या रविवारी मी तोंडातून शब्द काढायचा नाही असं ठरवून बसले होते. पण मुलीने विचारलं, "मॅडम, शिव्या घालते, याला काय बोलतात?"

सर माझ्याकडे वळले. "हे खातं तुमचं."

"कर्स," मी म्हटलं.

तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं, 'माय मदर कर्स द सॉल्ट.' मला राहवलं नाही. "कर्सेस. एस लाव."

"मॅडम!" सर कळवळले. "पोरगी आत्ता कुठे सुटलीय. लगेच कशाला धरता?"

"कर्ता एकवचनी आहे, सर. एस लागतोच."

"नंतर लागेल!"

परक्याच्या घरी, त्यांच्या खुर्च्यांवर बसून, आम्ही दोघं भांडायला लागलो. वडील एकदा माझ्याकडे, एकदा सरांकडे बघत होते.

"मॅडमचा बरोबर हाय, सर," मुलगी म्हणाली. "आई एकटी हाय ना. एकट्या मानसाला येस लागते."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझी सरशी झाली होती. मी ताठ बसले. तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"एकटी कशी?" ती म्हणाली. "आमी सगल्याच घालतो. एकटीनं घातल्या तर मुकादम कामावरना काढील."

मुलगी थांबली. तिने विचार केला. 'माय मदर'च्या पुढे 'अँड ऑल विमेन' घातलं आणि एस काढून टाकला. पुन्हा वाचलं. बरोबर होतं.

आता सर मला काहीतरी ऐकवणार म्हणून मी वाट बघत राहिले. पण त्यांनी चहा बशीत ओतला, एक घोट घेतला आणि आईला विचारलं, "मुकादमाला नक्की काय म्हणता?"

तिने नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सांगितलं. सर इतके हसले की बशीतला चहा सांडला. मुलगी मात्र गंभीर होती. अंगठा मोबाईलवर धरून ती माझ्याकडे बघत होती, इंग्रजी शब्दासाठी.

तो मला अजून सापडलेला नाही.